डिझेल पुन्हा उगवते काय?



चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही एका शब्दात 'डिझेल' असे उत्तर दिले. ते क्षणभर काही बोललेच नाहीत. वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय असावे, नाट्यसंगीत असावे, फार तर परराष्ट्रधोरण असावे; चैत्राच्या चांदण्यात डिझेल कोठून आले, असे त्यांना वाटले असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु ज्या माणसांत आम्ही तीस वर्षे वावरलो ती सारी डिझेलवर जगतात. ट्रकचे ड्रायव्हर, क्लीनर, बसवाले, गॅरेजातले मिस्त्री, पंपावर नळी धरून दिवसभर उभी राहणारी पोरे. आमचे स्वतःचे शिक्षण म्हणाल, तर आठवीनंतरचे सगळे घाटकोपरच्या एका गॅरेजात पंप-नोझल उतरवता उतरवता झाले आणि उरलेले वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज येथे जे सांगणार ते पंडिताचे नव्हे. चूक झाल्यास श्रोत्यांत शिक्षक बसले आहेत, त्यांनी कान धरावा.

हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो. २०२४ सालच्या जानेवारीचे पहिले दोन दिवस आपणांस आठवत असतील. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास नव्या कायद्यात दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली होती, तिच्याविरुद्ध देशभरचे ट्रकवाले आणि टँकरवाले थांबले. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोंतले टँकर जागचे हलेनात. दोन दिवसांतच आपल्या उपनगरांत पंपांवर रांगा लागल्या, काही पंपांवर 'साठा संपला' असे फलक आले. भाजीवाली म्हणू लागली, उद्या माल येईल की नाही सांगता येत नाही. त्या रात्री मुलुंड नाक्याजवळ उभ्या केलेल्या गाड्यांच्या आडोशाला आम्ही ड्रायव्हर मंडळींशी बोलत बसलो होतो. थंडी होती, चहा चालला होता. त्यात एक वयस्क ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, दोन दिवस तेल नाही आले तर ही बोंब. जमिनीतलेच संपले तर काय?" दुसरा म्हणाला, "संपते कशाला? विहिरीला पाणी लागते तसे ते मुरतच असते खाली." तिसरा पोरगा शिकलेला होता, तो म्हणाला, "आता झाडाचे डिझेल आले आहे. झाड तोडले तरी पुन्हा लावता येते." आणि तिघांनी आमच्याकडे पाहिले. युनियनच्या माणसाला सगळे ठाऊक असते असा एक गोड गैरसमज कामगारांत आहे. त्या रात्री आम्ही वेळ मारून नेली. आजचे व्याख्यान हे त्या तिघांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

शासकीय मराठीत यासाठी 'पुनर्नवीकरणीय' असा एक शब्द आहे. उच्चारताना दाताखाली खडा यावा तसा तो लागतो. परंतु त्याच्या पोटात एक साधा शब्द आहे, पुनर्नवा. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी. उन्हाळ्यात वाळून जमिनीशी सपाट होते, माणसाला वाटते मेली. पहिला पाऊस पडला की मुळातून पुन्हा पसरते. ज्याचा उपयोग केला तरी जे आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हयातीत, पुन्हा भरून येते, ते पुनर्नव. आम्ही हीच फूटपट्टी धरणार.

आता तेल हा शब्द पहा. तिळापासून निघते ते तैल, त्याचे झाले तेल. म्हणजे आपल्या भाषेत तेल हे मुळातच झाडाचे होते. दगडातून निघणारे तेल परदेशातून डब्यांत भरून आले तेव्हा ते वेगळे ओळखण्यासाठी नवे शब्द करावे लागले. इंग्रजांचे 'रॉक ऑइल' आपल्या तोंडी राकेल झाले, 'गॅसलाइट'चे घासलेट झाले. आमची आजी मातीचे तेल म्हणे. या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बाईने भूगर्भशास्त्र किती अचूक पकडले होते! डिझेल हे त्याच मातीच्या तेलाचे भावंड. एकाच कच्च्या तेलाला उष्णता दिली की हलके पेट्रोल आधी उडते, मग घासलेट, मग डिझेल, आणि खाली डांबर राहते.

हे कच्चे तेल झाले कशाचे? समुद्रातल्या अतिसूक्ष्म वनस्पतींचे आणि जीवांचे. ते मेले, तळाच्या चिखलात गाडले गेले, वर थरावर थर चढले, दाबाने आणि उष्णतेने कोट्यवधी वर्षांत त्यांचे तेल झाले. त्याही जीवांनी खाल्ले होते ते ऊनच. तेव्हा तो शिकलेला पोरगा एका अर्थी बरोबर होता: सगळेच डिझेल मुळात वनस्पतीचे. आणि तो 'मुरतच असते' म्हणणाराही अगदी चुकला नव्हता. समुद्राच्या तळाशी आजही चिखल साचतोच आहे. फक्त त्याचे तेल व्हायला जो काळ लागेल, तेवढ्यात माणसाची जात राहील की नाही याची खात्री कोणी देत नाही. एका अमेरिकन संशोधकाने २००३ साली हिशेब मांडला की एक गॅलन पेट्रोल, म्हणजे पावणेचार लिटर, तयार होण्यासाठी प्राचीन काळचा सुमारे नव्वद टन वनस्पतिद्रव्याचा साठा खर्ची पडला. नव्वद टन म्हणजे नऊ टनी ट्रकच्या दहा खेपा. तेवढा पाला पावणेचार लिटरांत!

कामगारांना आम्ही हे फंड आणि पगार यांच्या भाषेत सांगतो. झाडाचे तेल हा पगार. यंदा पेरले, यंदा मिळाले. पुढच्या वर्षी पुन्हा. जमिनीतले तेल हा वाडवडिलांचा साठलेला फंड. फंड काढून खाणाऱ्याचा संसार काही काळ पगारदारापेक्षा झोकात चालतो हेही खरे.

आणि फंड आटतो कसा हे पाहायला आखातात जायला नको. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजाने तेथे तेल शोधले, १९७६ साली ते निघू लागले. त्यावर केवढे समारंभ झाले, केवढे लेख आले! १९८० च्या दशकात तेथून दिवसाला साडेचार लाख पिंपांहून अधिक तेल निघत होते. २०२४ साली ते त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली होते. २०२५ च्या आरंभी ही विहीर पुन्हा तरुण करण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीचे साहाय्य घेण्याचे ठरले. पन्नास वर्षांत बाळंतपण, तारुण्य आणि म्हातारपण, तिन्ही आपल्याच पिढीने पाहिले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग आज बाहेरून येतात. तेव्हा पहिल्या ड्रायव्हरच्या प्रश्नाला उत्तर हे: पंपावरचे डिझेल पुन्हा उगवत नाही. तो प्रश्न येथे मिटला.

खरा गुंता झाडाच्या डिझेलचा आहे. या मेजावर आम्ही तीन बाटल्या आणून ठेवल्या आहेत. पहिलीत पंपावरचे डिझेल. दुसरीत करंजेल. तिसरीत त्याच जातीच्या तेलावर प्रक्रिया करून केलेले बायोडिझेल.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने आपले एंजिन १८९३ साली आउग्सबुर्ग येथे प्रथम फिरविले. त्याची आठवण म्हणून १० ऑगस्टला जैवइंधन दिन पाळतात, आणि त्या दिवशीच्या भाषणांत दरवर्षी सांगतात की ते एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले. तसे नव्हे. भुईमूग सात वर्षांनी आला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून, ऑटो कंपनीचे एक लहान डिझेल एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले. एंजिन केलेले होते खनिज तेलासाठी, त्यात काहीही बदल न करता ते इतके सुरळीत चालले की पाहणाऱ्या बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. हे स्वतः डिझेलने १९१२ साली सांगितले. फ्रेंच सरकारच्या मनात आफ्रिकेतल्या वसाहती होत्या. तेथे भुईमूग पिकत होता आणि खनिज तेल नव्हते. म्हणजे वनस्पतीच्या डिझेलची पहिली कल्पना निघाली तीच मुळी दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे लागेल.

आपल्याकडे हे काम करंज करू शकते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात करंज आहेत, उपनगरांतल्या रस्त्यांच्या कडेलाही आहेत. या दिवसांत कोवळी, तुकतुकीत पालवी ज्यांना आली आहे आणि ज्यांच्याखाली चपट्या शेंगांचा सडा पडतो, ती झाडे करंजाचीच. त्या शेंगेत बहुधा एकच बी. त्या बियात साधारण तिसरा हिस्सा तेल. खायला कडू, म्हणून पोटाशी भांडण नाही. खरजेला लावतात, दिव्याला घालीत असत, पेंड खताला जाते. कोकणात अशीच उंडी; उंडेलाने कित्येक घरांतले दिवे जळले आणि होड्यांच्या फळ्या टिकल्या. दांडेलीच्या एका कारखान्याने या शतकाच्या आरंभी आपली जनित्रे करंजेलावर चालवूनही दाखविली.

मग हे तेल सरळ ट्रकच्या टाकीत का ओतू नये? दुसरी बाटली हलवून पहा, काकवीसारखी डुलते. डिझेलपेक्षा हे तेल कितीतरी दाट. नोझलचे भोक केसाएवढे. त्यातून दाट तेलाचा बारीक तुषार होत नाही, थेंब पडतात, अर्धवट जळतात, काजळी धरते. आम्ही गॅरेजात होतो तेव्हा एका हौशी मालकाने टेम्पोत स्वयंपाकाचे तेल मिसळले होते. तीन महिन्यांनी पंप उघडला तेव्हा आत बासुंदीवरच्या सायीसारखा थर होता. तो खरवडण्यात आमचे दोन दिवस गेले, आणि मालक म्हणाला पोरांनी नीट फिल्टर घातला नाही!

यावर उपाय निघाला तो साबणाच्या कारखान्यात काम केलेल्यांना ओळखीचा वाटेल. तेलाचा कण म्हणजे तीन लांब शेपट्या आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लिसरीन. तेलात मेथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून ऊब दिली की ग्लिसरीन सुटून तळाशी बसते आणि वर पातळ बायोडिझेल राहते. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मेथेनॉल लागते. हे मेथेनॉल म्हणजे तेच विष, ज्याने २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत दारूतून शंभराहून अधिक गरिबांचा जीव घेतला. ते बहुतांशी नैसर्गिक वायूपासून करतात, आणि आपल्याकडे बरेचसे परदेशातून येते. म्हणजे 'शंभर टक्के झाडाचे' म्हणून जे सांगतात, त्यातही जमिनीतल्या फंडाचा दहावा हिस्सा असतोच. दुसरीही एक रीत आहे. तेलावर हायड्रोजनची क्रिया केली की थेट डिझेलसारखेच द्रव्य मिळते, ते कोणत्याही एंजिनात चालते. परंतु आधी तेल हवेच.

म्हणून सगळा प्रश्न येथे येऊन ठेपतो: तेल किती, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या हाताने?

आपण एक हिशेब मांडू. पाचवीतल्या मुलालाही करता येईल असा आहे. मुंबईहून नाशिकला जाणारा भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो असे धरा. १७० किलोमीटरला साधारण ४२ लिटर लागले. आता विदर्भ-मराठवाड्यातला सोयाबीन घ्या. हेक्टरी साधारण एक टन पीक येते, त्यात शंभराला अठरा भाग तेल, म्हणजे १८० किलो, म्हणजे सुमारे २०० लिटर. एका शेतकऱ्याने अडीच एकर जमीन नांगरली, पेरली, फवारली, कापली, मळली. चार महिने घरातली सगळी माणसे राबली. आणि त्या साऱ्याचे तेल आमच्या ड्रायव्हरने नाशिकच्या पाच खेपांच्या आतच संपविले. पाचवी खेप कसाऱ्याच्या घाटात अडकणार!

देशाचा हिशेब याहून भयंकर आहे. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जळते. ते सगळे सोयाबीनचे करू म्हटले तर पन्नास कोटी हेक्टर जमीन लागेल. देशात पेरणीखाली असलेली सगळी जमीन सुमारे चौदा कोटी हेक्टर. गहू नाही, भात नाही, ज्वारी नाही, ऊस नाही, सगळीकडे सोयाबीन, तरीही तिसरा हिस्सा पुरत नाही. बरे, जमिनीचे राहू द्या. देशातले खाण्याचे सगळे तेल, सुमारे अडीच कोटी टन, एका वर्षी टाक्यांत ओतले, घराघरांत फोडणी बंद केली, तर किती दिवस गाड्या चालतील? साडेतीन महिनेही नाही. आणि त्या अडीच कोटींतले निम्म्याहून अधिक तेल आपण आधीच बाहेरून आणतो.

कोणी म्हणेल, खाण्याच्या तेलाला हात कशाला लावता, पडीक जमिनीवर न खाण्याचे बी लावा. हेच शहाणपण वीस-बावीस वर्षांपूर्वी दिल्लीला सुचले होते. झाड निवडले मोगली एरंड, जट्रोफा. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर आले असे मानतात, आणि खेड्यात ते कुंपणाला लावतात, कारण त्याला शेळीही तोंड लावीत नाही. २००२ सालच्या ३१ डिसेंबरला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेल घालून चालविली. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीचा अहवाल आला: २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये शंभरात वीस भाग बायोडिझेल, त्यासाठी एक कोटीहून अधिक हेक्टरांवर लागवड. छत्तीसगडात तर डिझेल आता आखातातून नव्हे, परसातल्या वाडीतून येणार अशा घोषणा झाल्या. आमच्याही काही ड्रायव्हरांनी गावाकडच्या एक-दोन एकरांत रोपे लावली. रोपे विकणाऱ्यांचे बरे झाले.

झाड पाण्याविना जगते हे खरे निघाले. पाण्याविना फळते हे खरे निघाले नाही. माणूसही उपाशी चार दिवस जगतो, पण त्याच्याकडून कारखाना चालवून घेता येत नाही. शेतकऱ्याला जे उत्पन्न कागदावर दाखविले होते त्याचा अंशच हाती आला. बी वेचायला मजुरी द्यायची तर बियाचा भाव पुरेना. आणि 'पडीक' म्हणून सरकारदरबारी नोंदलेली जमीन गावात कोणाच्या तरी गुरांचे चरण असते, कोणाचे तरी सरपण असते. तिला पडीक म्हणायला कचेरीत बसावे लागते. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे राहिले. आम्हाला अधिक खेद याचा की ही ठेच आपल्या महाराष्ट्रात आधीच लागलेली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नाशकाकडच्या शेतकऱ्यांनी मोगली एरंड मोठ्या प्रमाणावर लावून पाहिला होता, आणि पुढे बहुतेकांनी तो उपटून टाकला होता. दिल्लीने त्या शेतकऱ्यांना चार प्रश्न विचारले असते तर बरे झाले असते. २०१८ च्या धोरणात वीसचे पाच झाले आणि मुदत २०३० झाली. २०२४ पर्यंत प्रत्यक्ष मिश्रण शंभरात एका भागाच्या आतच होते.

दुसरे देश हे करतात, ते कसे? इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये शंभरात चाळीस भाग पामतेलाचे बायोडिझेल घालणे सक्तीचे केले. पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीनच्या कितीतरी पट. पण त्यासाठी अरण्ये गेली. आणि तेच पामतेल आपल्या झोपडपट्टीत पिशवीतून येते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, सूर्यफुलाचे तेल थांबले. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मेपर्यंत. त्या महिन्यांत भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत बायका पाव किलो तेल घेऊन जाताना आम्ही पाहिले. जकार्त्याचा ट्रक आणि भांडुपची कढई एकाच पिंपातून पितात, हे तेव्हा आम्हाला प्रथम कळले. ज्या देशाकडे तेल आहे त्याने आधी आपला ट्रक भरला, आणि ते त्याच्या दृष्टीने गैर होते असेही म्हणता येत नाही.

याचा अर्थ झाडाचे डिझेल ही थाप आहे असा कोणी घेऊ नये. वापरलेल्या तेलाचे पहा. आपल्या उपनगरांत पावलोपावली वड्याची कढई आहे. २०१८ च्या जुलैपासून नियम आहे की तळून तळून ज्या तेलातली बिघडलेली द्रव्ये शंभरात पंचवीस भागांवर गेली ते खाण्यासाठी वापरू नये; त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे तेल गोळा करून बायोडिझेलला देण्याची मोहीम काढली. एका गाडीवाल्याकडे दिवसाला दोन लिटर काळे तेल उरले असे समजा. एकवीस गाड्यांचे तेल म्हणजे नाशिकची एक खेप. यासाठी नवी जमीन नको, पाणी नको, आणि खाणाऱ्याच्या पोटातले विष कमी होते. पण गाडीवाला ते फेकीत नाही. त्यातच नवे ओततो, किंवा त्याहून लहान गाडीवाल्याला विकतो. त्याला काळ्या तेलाचा असा भाव रोख मिळाला पाहिजे की ते पुन्हा कढईत जाणे त्याला परवडू नये. नियमाची धमकी देऊन हे होणार नाही. वडा विकणारा हा आमच्याच जातीचा, रोजच्या रोज कमावणारा माणूस आहे. करंजाचेही तसेच. एक किलो तेलाला सुमारे चार किलो बी वेचावे लागते, शेंग फोडावी लागते. ते काम आदिवासी बायका करणार. त्यांची मजुरी आधी ठरवा, मग तेलाचा भाव काढा. उलट केले की मोगली एरंडाची गत होते.

आता एक इशारा, तो विशेषतः ड्रायव्हर आणि लहान गाडीमालकांसाठी. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने लिटरला शंभर रुपयांचा आकडा ओलांडला. त्या काळात गुजरातेत आणि आपल्याकडेही हमरस्त्यांवर 'बायोडिझेल' म्हणून स्वस्त द्रव्य विकणारे पंप निघाले. त्यातल्या कित्येकांत झाडाचा एक थेंब नव्हता. कारखान्यांतले कसलेसे खनिज तेल होते. पोलिसांनी धाडी घातल्या, साठे पकडले. झाडाचे नाव आणि दगडाचे तेल! ही जात नवी नव्हे. पूर्वी रेशनचे निळे घासलेट डिझेलमध्ये मिसळीत. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ ती चोरी पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. इंधनातल्या भेसळीत किती पैसा आहे हे ज्यांना कळत नाही त्यांनी हे नाव आठवावे. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने असले स्वस्त द्रव्य भरले, पंप बसला, आणि मालकाने दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापला. भरण्याचा हुकूम मालकाचाच होता, फोनवरून दिलेला. कागद नव्हता. आम्ही भांडलो, अर्धी रक्कम सुटली.

धुराविषयी फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ च्या जूनमध्ये डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातला. बायोडिझेलने काजळी कमी होते, पण नायट्रोजनचे विषारी वायू काहीसे वाढू शकतात. गॅरेजातल्या आमच्या उस्तादांना जाऊन वीस वर्षे झाली. त्यांच्या खोकल्याचे निदान कोणी केले नाही.

मग पुढे काय? उपनगरांनी याचे उत्तर एका बाजूने देऊन टाकले आहे. लोकल तर १९२८ सालीच बोरिवलीपर्यंत विजेवर आली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीला आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुनी डिझेलची दुमजली बस शेवटची धावली. लोकांनी तिला फुले बांधली, फोटो काढले. विजेच्या नव्या दुमजली बसगाड्या त्याआधीच आल्या होत्या. आम्हाला त्यात वाईट वाटले नाही. त्या एंजिनाशेजारी आठ तास बसणाऱ्याला विचारा.

परंतु त्याच वर्षी, दीड महिना आधी, २ ऑगस्टला घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतल्या भाडेतत्त्वावरच्या बसगाड्यांचे चालक संपावर गेले होते, आणि बघता बघता संप शहरभर पसरला. त्यांचे म्हणणे एवढेच की बेस्टच्या कायम चालकाएवढेच काम करतो, तर पगार तेवढा द्या. गाडी नवी, इंधन नवे, वातानुकूलित आसने नवी. आणि चालक मात्र ठेकेदाराचा. इंधन बदलते तेव्हा नोकरीची जातही गुपचूप बदलून घेतली जाते. पंप-नोझलच्या मिस्त्रीला विजेच्या मोटारीत काम नाही. बायोडिझेल आले तर त्याचे काम राहते, उलट वाढते, कारण रबराच्या जुन्या नळ्या आणि सिले त्यात फुगतात. म्हणून काही मिस्त्री आम्हाला विचारतात, भाऊ, झाडाचेच डिझेल आणा ना. आम्ही त्यांना वरचा नाशिकच्या पाच खेपांचा हिशेब दाखवतो. ते गप्प होतात. त्यांचा हिशेब मात्र आम्हाला अजून नीट सोडविता आलेला नाही. पन्नाशीच्या मिस्त्रीला सहा महिन्यांचा शिक्षणक्रम आणि त्या काळात घर चालण्याइतका पगार, एवढी मागणी आमच्या संघटनेने दोन ठिकाणी घातली आहे. एका ठिकाणी बोलणी चालू आहेत, दुसऱ्या ठिकाणी पत्राची पोचही आली नाही.

वेळ झाल्याची चिठ्ठी चालकांनी मघाशीच दिली आहे. तिन्ही बाटल्या येथेच राहतील. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी पुढे येऊन पाहाव्या, लहान मुलांना हात लावू देऊ नये. दुसऱ्या बाटलीचे बूच शक्यतो उघडू नका. करंजेलाचा वास साबणानेही दोन दिवस जात नाही, आणि उद्याच्या व्याख्यानाला येथे नाट्यसंगीत आहे.